घरच्या घरी अक्षरओळख

मराठी अक्षरांशी मुलाची पहिली ओळख कानाने होते, मग हाताने आणि डोळ्यांनी. पेन्सिलीची पाळी सगळ्यांत शेवटी येते. तीन ते सहा या वयातल्या मुलांसाठी घरी जे खेळ घ्यायचे, ते याच क्रमाने घेतले तर अक्षरे पक्की होतात आणि वाचनाची गोडीही टिकते.

घरोघरी मात्र क्रम बहुधा उलटा असतो. भिंतीवर तक्ता लागतो, ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकंपट्टी सुरू होते आणि वहीचे अख्खे पान एकाच अक्षराने भरायला दिले जाते. चार वर्षांचे मूल सगळी मुळाक्षरे एका दमात म्हणून दाखवते. पण तक्त्यावर मध्येच बोट ठेवून ‘हे कोणते?’ असे विचारले, की त्याला पुन्हा ‘क’पासून म्हणत यावे लागते. त्याला चाल पाठ झालेली असते, अक्षर ओळखीचे झालेले नसते.

याचे कारण वर्णमालेच्या रचनेत आहे. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयानुसार मराठी वर्णमालेत 14 स्वर, 2 स्वरादी, 34 व्यंजने आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही 2 विशेष संयुक्त व्यंजने असे एकूण 52 वर्ण आहेत. त्यांचा क्रम उच्चाराच्या स्थानावर बेतलेला आहे: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. ध्वनींचे शास्त्र म्हणून ही मांडणी अतिशय सुंदर आहे. पण तिच्यामुळे सारख्या उच्चाराचे वर्ण शेजारी शेजारी येतात, आणि नवख्या मुलाला नेमके तेच वेगळे करणे जड जाते. ‘ट, ठ, ड, ढ’ ऐकायला जवळचे आणि दिसायलाही एका घराण्यातले. ‘ङ’, ‘ञ’, ‘ऌ’ तर मुलाच्या बोलण्यात स्वतंत्रपणे कधी येतच नाहीत. वर्णमाला म्हणायला खुशाल शिकवावी, शब्दकोश पाहताना पुढे ती लागतेच. पण अक्षर ओळखण्याचा क्रम तिच्यावरून ठरवू नये.

आधी कान

अक्षर दाखवण्यापूर्वी शब्दातला आवाज वेगळा ऐकू यायला हवा. या तयारीला कागद लागत नाही, स्वयंपाक करता करता किंवा बसस्टॉपवर उभे असतानाही ती होते. सर्वांत सोपा खेळ टाळ्यांचा. ‘बाहुली’ म्हणताना तीन टाळ्या, ‘बटाटा’ला तीन, ‘पोळी’ला दोन. घरातल्या प्रत्येकाच्या नावाला किती टाळ्या पडतात हे मोजायला मुलांना फार आवडते.

इथे एक गोष्ट मोठ्यांनी ध्यानात ठेवायला हवी. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारात बहुधा गळतो. ‘बदक’ लिहिताना अक्षरे तीन असतात, पण तोंडाने म्हणताना टाळ्या दोनच पडतात: ब-दक्. ‘घर’ला तर एकच. मुलाने ‘घर’ला एक टाळी वाजवली तर त्याचा कान बरोबर आहे. ‘घ आणि र, दोन अक्षरे आहेत’ असे सांगून त्याला चूक ठरवू नये. सुरुवातीला ‘जिलेबी’, ‘गाडी’, ‘मासा’ असे शब्द घ्यावेत, ज्यांत टाळ्या आणि अक्षरे यांचा मेळ बसतो.

पुढचा खेळ पहिल्या आवाजाचा. कापडी पिशवीत कप, डबा, फणी, रबर अशा चार वस्तू ठेवाव्यात आणि मागणी करावी, ‘जिचे नाव फ ने सुरू होते ती वस्तू दे.’ मुलाने हात घालून चाचपून वस्तू काढायची. नंतर भूमिका बदलायच्या, मुलाने मागायचे आणि मोठ्यांनी शोधायचे. मोठ्यांनी अधूनमधून मुद्दाम चुकीची वस्तू काढावी. ती पकडताना मुलाचा कान जितका तेज होतो, तितका उत्तर देताना होत नाही. पाच वर्षांच्या आसपास शब्दांच्या भेंड्या सुरू करता येतात: ज्या अक्षराने शब्द संपला, त्याने पुढचा सुरू करायचा.

वस्तू निवडताना होणारी एक चूक बाजारातल्या तक्त्यांतही सापडते. ‘म’ शिकवताना ‘मासा’ दाखवला, तर मुलाला ऐकू येतो तो ‘मा’, आणि चित्राखाली लिहिलेला असतो ‘म’. ‘मगर’ घेतली की आवाज आणि अक्षर जुळतात. म्हणून पहिल्या ओळखीसाठी ज्यांच्या आरंभी निव्वळ ‘अ’ मिसळलेले व्यंजन आहे असेच शब्द निवडावेत: कप, खडू, गवत, घर, टरबूज, डबा, ढग, दही, नळ, फणस, बदक, रबर, लसूण, वही, ससा, हत्ती. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. तिथे ‘बाण’ आणि ‘बाळ’ यांचा शेवटचा आवाज ऐकवावा, आणि ही अक्षरे उशिरा घेतली तरी बिघडत नाही. ‘च’चे तर दोन उच्चार आहेत, चमच्यातला आणि चहातला. मूल ते दोन वेगळे आवाज आहेत असे म्हणाले, तर त्याचे कौतुक करावे आणि दोन्ही चित्रे एकाच अक्षराखाली लावावीत.

कोणते अक्षर आधी

पहिले अक्षर मुलाच्या स्वतःच्या नावाचे. आपले नाव कपाटावर, पाण्याच्या बाटलीवर, चित्राच्या कोपऱ्यात दिसू लागले की मूल ते चित्रासारखे ओळखू लागते. नावात जोडाक्षर असले तरी हरकत नाही. प्रज्ञा किंवा श्रेया नावाची मुलगी आपल्या नावाचा आकार अखंड ओळखते, त्याची फोड नंतर होते.

त्यानंतर ज्यांच्यातून लगेच शब्द तयार होतील अशी मूठभर अक्षरे घ्यावीत. ‘म, क, न, ब, र, स’ ही सहा अक्षरे आणि एक काना एवढ्या भांडवलावर मामा, काका, नाना, बाबा, बस, रस, मका, काम, नाक, कान, मान, मासा इतके शब्द जुळतात. आठवड्याला दोन, फार तर तीन नवी अक्षरे पुरेत. मात्र आधीची अक्षरे रोज खेळात यायला हवीत. मराठीत कुठल्याही कामाच्या सुरुवातीला ‘गमभन’ म्हणतात, ते जुन्या शाळांतल्या अशाच निवडीवरून आले आहे. ग, म, भ, न यांचे वळण एकमेकांना जवळचे, म्हणून हाताला सोपे. लिहिण्याची वेळ येईल तेव्हा तो क्रम आजही उपयोगी पडतो.

घ आणि ध, म आणि भ, थ आणि य, ब आणि व अशा जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत. एक अक्षर अगदी पक्के झाले, की मग दुसरे आणावे आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक मुलालाच शोधायला सांगावा. ‘घ’ची शिरोरेषा सलग असते आणि ‘ध’ची डावीकडे तुटलेली असते, हे मुलाने स्वतः टिपले तर पुढे विसरत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन दोन वळणे छापील मजकुरात आढळतात. घरात एकच वळण वापरावे आणि दुसरे दिसले तर ‘हाही ल च’ एवढेच सांगून पुढे जावे.

रवा, कणीक, खडू

धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून त्यावर गिरवत असत. आज घरात तेच काम परात आणि रवा करतात. रवा परातीचा तळ जेमतेम झाकला जाईल इतकाच पसरावा. थर जाड झाला तर बोटामागे रवा पुन्हा घसरून येतो आणि रेघ बुजते. पातळ थरात बोट फिरले की खालचा चकचकीत तळ दिसतो आणि अक्षर उठून येते. चुकले तर परात हलवली की पाटी कोरी. खोडरबराची भीती नाही, चुकीची खूण मागे राहत नाही, म्हणून बुजरी मुलेही यात मोकळी होतात. रांगोळीची पूड यासाठी टाळावी, ती डोळ्यांत गेली तर चुरचुरते.

परातीशेजारी अक्षराचे मोठे कार्ड ठेवावे. मोठ्यांनी आधी स्वतः सावकाश काढून दाखवावे: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, शिरोरेषा सगळ्यांत शेवटी. बोट फिरत असताना अक्षराचा आवाज तोंडाने म्हणायचा. ‘आधी गोल काढ, मग दांडी ओढ’ अशी सूचनांची माळ लावली, तर मुलाचे लक्ष सूचना ऐकण्यातच जाते. गप्प राहून दाखवणे जास्त उपयोगी.

कणकेचे काम याहून खोल जाते, कारण त्यात अक्षर काढायचे नसते, जोडायचे असते. एक वाटी मैदा किंवा कणीक, पाव वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे पाणी घालून घट्टसर गोळा मळावा. मीठ असल्याने तो खाऊ नये हे मुलाला आधीच सांगावे. झाकून ठेवला तर दोन-तीन दिवस वापरता येतो, पावसाळ्यात त्याहून लवकर खराब होतो. पोळपाटावर हाताने लांब वळ्या करायच्या. मराठी अक्षरे उभा दंड, आडवी शिरोरेषा, गोल, अर्धगोल आणि गाठ एवढ्या थोड्या तुकड्यांतून उभी राहतात हे इथे मुलाच्या हाताला कळते.

‘व’ पाहावा. एक उभी वळी, तिच्या डाव्या कुशीत छोटा गोल आणि डोक्यावर आडवी वळी, की झाला ‘व’. त्या गोलात तिरकी बारीक शेव ठेवली की ‘ब’. शेव उचलून टाकली आणि दंडाच्या उजवीकडे बाकदार तुकडा चिकटवला की ‘क’. आता हीच करामत ‘प’वर करावी: पोटात तिरकी शेव ठेवली तर ‘ष’, उजवीकडे बाकदार तुकडा लावला तर ‘फ’. ‘ट’चे उघडे टोक वळवून मिटवले की ‘ठ’ होतो. या खेळात मूल पाऊण तासही रमते. ज्या दोन अक्षरांत त्याचा गोंधळ होत असतो, त्यांतला फरक नेमका कोणत्या तुकड्यात आहे हे त्याने स्वतःच्या बोटांनी लावलेले आणि काढलेले असते. वहीत शंभरदा गिरवून जे साधत नाही, ते इथे साधते.

अंगण, गच्ची किंवा इमारतीची मोकळी जागा असेल तर खडूने मोठमोठी अक्षरे काढावीत. हातभर लांबीच्या अक्षरावरून मुलाने पावलापुढे पाऊल ठेवत चालावे. जिथून लिहायला सुरुवात होते तिथे एक ठिपका द्यावा. लंगडीच्या घरांत आकड्यांऐवजी अक्षरे लिहून ‘न’वर उडी, ‘स’वर उडी असे पुकारता येते. एका जागी बसणे ज्यांना जमत नाही, त्या मुलांसाठी हा खेळ सर्वांत चांगला. पाण्यात बुडवलेल्या जुन्या ब्रशाने फरशीवर अक्षरे रंगवायचा खेळ उन्हाळ्यात द्यावा. अक्षर वाळून नाहीसे होण्याआधी ओळखायचे.

चिंचोके, राजमा, मणी, बटणे अक्षरावर मांडत जाणे हा खेळही चांगला आहे, पण तो मोठ्यांच्या नजरेसमोरच व्हावा. या वयाची मुले बारीक वस्तू नाकाकानात घालतात आणि गिळतातही. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर हा खेळ काढूच नये.

खरखरीत कार्डे

बोटांनी चाचपायच्या खरखरीत अक्षरांची कल्पना मारिया माँटेसरी यांची. त्यांनी 1907 मध्ये रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह सुरू केले आणि तिथे पॉलिश पेपरची अक्षरे मुलांच्या हाती दिली. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापून ही पद्धत रुजवली. ताराबाईंनी पुढे 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबादला आदिवासी मुलांसाठी काम केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. विकतच्या महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या बिया, शंख-शिंपले, पाने, खडे यांतून त्यांनी शिक्षणसाहित्य उभे केले. घरी खेळ मांडणाऱ्याला लाकडी अक्षरांचा महागडा संच घेता आला नाही, तरी त्याने मुळीच खंत करू नये.

कार्ड घरी करायला सोपे. जुन्या खोक्याचा पुठ्ठा पोस्टकार्डाएवढा कापावा. पेन्सिलीने अक्षर मोठे काढून त्यावर फेव्हिकॉलची जाड रेघ ओढावी, तिच्यावर बारीक चाळलेली वाळू किंवा रवा भुरभुरून रात्रभर वाळू द्यावे आणि सकाळी झटकावे. स्वरांना एका रंगाचा पुठ्ठा, व्यंजनांना दुसऱ्या, स्वरचिन्हांना तिसऱ्या रंगाचा घेतला तर पुढे शब्द जुळवताना उपयोग होतो. मुलाने तर्जनी आणि मधले बोट जोडून अक्षरावरून फिरवायचे आणि आवाज म्हणायचा. डोळे मिटून फिरवून ‘कोणते?’ ओळखायला लावले, की तोच खेळ नवा होतो.

कार्डांची ओळख तीन पायऱ्यांनी द्यावी. ही पद्धत एदुआर सेगँ या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वैद्याची, माँटेसरींनी ती उचलली. पहिल्यांदा दोन किंवा तीन कार्डे ठेवून फक्त सांगायचे: ‘हा म. हा क.’ दुसऱ्या पायरीला विचारायचे: ‘म कुठे आहे? क माझ्या हातात दे. म उशीखाली लपव.’ ही पायरी सर्वांत लांब चालते, चार-पाच दिवससुद्धा, आणि चालू द्यावी. तिसऱ्या पायरीला कार्डाकडे बोट दाखवून ‘हे कोणते?’ असे विचारायचे. घाईच्या घरांत पहिलीनंतर थेट तिसरी पायरी येते, मुलाला उत्तर देता येत नाही, आणि मोठ्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी तेवढी त्याच्या लक्षात राहते. तिसरीत अडखळले तर न बोलता दुसरीवर परतावे.

घरभर अक्षरे

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मीठ, साखर, रवा, पोहे, डाळ अशा चिठ्ठ्या मुलाच्या हातून चिकटवून घ्याव्यात आणि ‘रव्याचा डबा आण’ असे खरेखुरे काम सांगावे. रद्दीतल्या वर्तमानपत्राचा मथळा आणि जाड रंगीत खडू देऊन ‘यातले सगळे स पकड’ म्हणावे. मथळ्याचेच पान घ्यावे, आतला बारीक मजकूर या वयाच्या डोळ्यांना त्रासाचा. एसटीच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, दुधाच्या पिशव्या हे सगळे वाचनपाठ आहेत. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत सोमवारपासून रविवारपर्यंत सात नावे असतात, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘वार’ येतो. एकदा ‘वार’ ओळखता आला की मूल सातही ठिकाणी बोट ठेवून दाखवते आणि आपल्याला वाचता येते या आनंदात पुढचे आठ दिवस तेच करत राहते.

रोज गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवणे याला मात्र कोणताही खेळ पर्याय नाही. वाचताना ओळीखाली बोट फिरवावे. मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, पान उलटायचे असते, बोललेला प्रत्येक शब्द कागदावर कुठेतरी असतो, हे मूल त्यातूनच शिकते.

काना, वेलांटी, मात्रा

पहिली सहा अक्षरे पक्की झाली की काना आणावा. त्यासाठी वेगळे कार्ड हवे, नुसती उभी रेघ. क, काना, न अशी तीन कार्डे ओळीने मांडली की ‘कान’. आता ‘क’ आणि ‘न’ यांच्या जागा बदलायच्या, काना मध्ये तसाच. झाले ‘नाक’. मुलाने एकदा कानाला आणि एकदा नाकाला हात लावायचा. तसेच ‘रास’चे ‘सार’ आणि ‘राम’चे ‘मार’ करता येते. ‘काम’मधला काना उचलून शेवटी नेला आणि ‘म’ पुढे आणला की ‘मका’. कार्डे हाताने हलवली की अर्थ बदलतो, हा अनुभव वाचनाचा गाभा आहे.

पहिली वेलांटी अवघड जाते आणि त्यात मुलाचा दोष नाही. ‘कि’ म्हणताना ‘इ’चा आवाज नंतर येतो, पण वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी. म्हणून कान्यानंतर दुसरी वेलांटी घ्यावी, मग मात्रा आणि उकार, आणि पहिली वेलांटी त्यांच्यानंतर. बाराखडीसाठी सरकपट्टी उपयोगी पडते. पुठ्ठ्यावर ‘म’ लिहून त्याच्या उजवीकडे चौकोनी खिडकी कापावी आणि मागून कागदी पट्टी सरकवावी, तिच्यावर काना, दुसरी वेलांटी, ओकार, औकार. वरखाली बसणाऱ्या चिन्हांसाठी पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे अक्षरावर ठेवता येतात. ‘रु’ आणि ‘रू’ यांचे वळण वेगळे असते, ते आणि जोडाक्षरे पहिलीसाठी सोडून द्यावीत. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ मात्र मुलांच्या तोंडी रोज असतात. ॲ आणि ऑ या स्वरांना 2009 पासून वर्णमालेत अधिकृत जागा आहे, ते टाळण्याचे कारण नाही.

पेन्सिल केव्हा

लिहिण्याआधी बोटांत जोर आणि मनगटात स्थिरता यावी लागते. मटार सोलणे, लसूण निवडणे, कणीक मळू लागणे, चिमट्याने कपडे अडकवणे, कात्रीने कागद कापणे ही सगळी लेखनाचीच तयारी आहे. उभ्या फळ्यावर खडूने चित्रे काढण्याने मनगट चांगले तयार होते. सुरुवातीला जाड खडू किंवा जाड रंगकांडी द्यावी आणि कोऱ्या, मोठ्या कागदावर काढू द्यावे. दुरेघी वही पाच वर्षे पुरी होण्याआधी काढू नये. अक्षराचे एक पान भरण्यापेक्षा तीनच अक्षरे मन लावून काढलेली बरी, आणि त्यांतले सर्वांत छान कोणते हे मुलानेच ठरवावे. दसऱ्याच्या पाटीपूजनाला पाटीवर अंकांतली सरस्वती काढतात, तो रेघांचा चांगला सराव आहे. त्या दिवशी मुलाच्या हाती पाटी जरूर द्यावी.

डावखुऱ्या मुलाला डाव्या हातानेच लिहू द्यावे. त्याचा कागद किंचित उजवीकडे कलता ठेवला की लिहिलेले हाताखाली झाकले जात नाही. उलटी किंवा आरशातल्यासारखी अक्षरे सहा-सात वर्षांपर्यंत अधूनमधून निघतात. त्यावर ओरडू नये, खरखरीत कार्डावरून बोट फिरवून पुन्हा काढायला सांगावे.

मूल स्वतःहून रमले नसेल तर बैठकीचा वेळ दहा ते पंधरा मिनिटांचा असावा आणि मुलाला कंटाळा येण्याआधी खेळ थांबवावा. मोबाइलवरचे अक्षरांचे खेळ सोयीचे वाटतात, पण काचेवरून बोट घसरताना खरखर लागत नाही, वजन कळत नाही, चुकलेला तुकडा उचलून ठेवता येत नाही. ते फार तर उजळणीपुरते.

घरची बोली आणि इतर भाषा

अनेक घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. खानदेशात आणि विदर्भात ‘डोळा’ पुष्कळदा ‘डोया’ होतो. अशा घरातल्या मुलाला ‘ण’ आणि ‘ळ’ हे आवाज नवे असतात, म्हणून ती अक्षरे सावकाश, भरपूर शब्द ऐकवून द्यावीत. ‘तुझे चुकते’ असे म्हणू नये. ‘आपण घरी असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात’ हे वाक्य पुरेसे आहे आणि ते खरेही आहे. आजीची भाषा अशुद्ध आहे असे ज्या मुलाच्या मनात रुजते, ते वर्गात तोंड उघडायला कचरते.

इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलांना दोन लिप्या एकाच वेळी भेटतात. त्याने नुकसान होत नाही, पण दोन्हींच्या वेळा आणि साहित्य वेगळे ठेवावे. मराठीत अक्षराचे नाव हाच बहुतांशी त्याचा आवाज असतो. इंग्रजीत तसे नाही, तिथे ‘सी’ कधी ‘क’ होतो, कधी ‘स’. त्यामुळे अक्षरे जोडून वाचण्याची किल्ली मराठीत लवकर हाती लागते. महाराष्ट्राबाहेर आणि परदेशात राहणाऱ्या कुटुंबांत बाहेरच्या पाट्यांवर मराठी दिसत नाही, म्हणून तिथे घरातल्या चिठ्ठ्या आणि आजी-आजोबांना पाठवायची दोन ओळींची पत्रे यांवर भर द्यावा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा आठवड्याच्या सुटीला भरतात, त्यांचाही आधार घेता येतो.

वेग प्रत्येक मुलाचा निराळा असतो, शेजारच्या मुलाशी तुलना करण्यात अर्थ नाही. मात्र काही खुणांकडे लक्ष असावे. मागून हाक मारल्यावर मूल वारंवार वळत नसेल, बोलणे वयाच्या मानाने फार अस्पष्ट असेल, चित्रे डोळ्यांच्या अगदी जवळ धरत असेल, तर अक्षरांचे खेळ तात्पुरते बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञाकडून कान आणि डोळे तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साचून काही काळ कमी ऐकू येते, आणि अशा मुलाला ‘त’ व ‘थ’ यांतला फरक कितीही शिकवला तरी कळणे अवघड असते. त्यावर उपचार झाले की खेळ पुन्हा टाळ्यांपासून सुरू करावेत.